गोठ्यातील ऋतुचर्या आणि वैद्याचे अनुपान

अजादुग्ध, गोदुग्ध, गोघृत, गोमूत्र हे शब्द आपल्या चिठ्ठीवर नित्य उमटतात. औषधी वनस्पती ओळखण्यासाठी आपण विद्यार्थिदशेत रानोमाळ हिंडलो. परंतु ज्या गोठ्यातून ही जांगम द्रव्ये येतात, त्या गोठ्याची पायरी आपल्यापैकी कितीजण चढले असतील? प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे चढला नव्हता. त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. तो प्रसंग सांगणे हे कर्तव्य समजून हा लेखनप्रपंच.

एक प्रसंग

क्षयाचा औषधक्रम पूर्ण केलेला एक बावीस वर्षांचा तरुण बलक्षय व कार्श्य या तक्रारी घेऊन आला. शोषात अजादुग्ध प्रशस्त, हे आपण सारेच जाणतो. पुरुषोत्तमनगर परिसरातील एका शेतकरी कुटुंबाकडे बारा-पंधरा शेळ्या होत्या. तेथून रोज सकाळी धारोष्ण दूध घ्यावे, असे मी सांगितले. प्रारंभी वजन वाढले, मुखावर तेज आले. दोन महिन्यांनंतर मात्र सायंकाळी ज्वर, रात्री विपुल स्वेद आणि कटी-जानुसंधींत वेदना सुरू झाल्या. विषमज्वर समजून मी तीन आठवडे चिकित्सा केली. उपशय मिळेना. क्षय उलटला या भीतीने घरचे हवालदिल झाले. परंतु थुंकीची तपासणी निर्दोष निघाली. अखेर एका फिजिशियनने रक्ताची वेगळी तपासणी करविली आणि निदान झाले ब्रुसेलोसिसचे. दोन प्रतिजैविके सहा आठवडे घेतल्यावर रुग्ण बरा झाला.

त्यानंतर मी प्रथमच त्या गोठ्यावर गेलो. बोलता बोलता कळले की, पावसाळ्यात दोन शेळ्या गाभडल्या होत्या. ‘हे मला आधी का सांगितले नाही?’ असे मी विचारले. घरातील वडीलधारे बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही कधी विचारलंच नाही.’’

गाभडलेल्या शेळ्यांची वार आजीबाईंनी उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकली होती. याच आजीबाईंना संधिवाताच्या निदानावर मी कित्येक महिने गुग्गुळकल्प देत होतो. त्यांचीही तपासणी करविली. तीही सदोष आली.

गोठ्याची दिनचर्या

त्या दिवसापासून वर्षभर, सवड मिळेल तेव्हा, मी तेथे जात राहिलो. दोन देशी गाई, एक म्हैस, शेळ्या आणि परसात थोड्या कोंबड्या एवढाच पसारा. पण राबणारे हात तीन पिढ्यांचे. पहाटे पाचला शेण काढणे, गोठा झाडणे, गव्हाण साफ करणे. मग कास धुऊन धार काढणे. दूध डेअरीवर गेले की कुट्टी व ढेपेचे आंबोण. शेळ्या दहाच्या सुमारास बांधाकडे निघतात. बोर, बाभूळ, निंब यांचा पाला ओरबाडत दिवसभर हिंडतात आणि दिवेलागणीला परततात.

अजादुग्धाच्या श्रेष्ठत्वाची सुश्रुतांनी दिलेली कारणे येथे डोळ्यांनी दिसतात: लहान देह, कटु-तिक्त रसांचे सेवन, अल्प जलपान आणि भरपूर व्यायाम. प्रातःकाळचे दूध गुरू व विष्टंभी, तर सायंकाळचे वातानुलोमक व श्रमहर, हा भेदही त्यांनी जनावराच्या रात्रीच्या विश्रांतीशी आणि दिवसाच्या हालचालीशी जोडला आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. दिवसभर दावणीला बांधून ढेपेवर पोसलेल्या शेळीचे दूध हे नावाने अजादुग्ध असले, तरी ग्रंथात वर्णिलेले अजादुग्ध नव्हे. अष्टांगसंग्रहात पिण्याक म्हणजे पेंड खाणाऱ्या जनावराचे दूध गुरू व अभिष्यंदी सांगितले आहे. खानदेशात सरकीच्या ढेपेवाचून गोठा चालत नाही, हे ध्यानी घेता कफप्रधान रुग्णास दूध सांगताना ही बाब विसरून चालणार नाही.

ऋतूंप्रमाणे कामे

वैशाखाच्या अखेरीस गोठ्यातील वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते. छपराची डागडुजी, दादरचा कडबा कोरड्या जागी रचून झाकणे, जमिनीत मुरूम भरून चुना टाकणे ही कामे पहिल्या पावसाआधी उरकावी लागतात. याच सुमारास गाई-म्हशींना घटसर्प व फऱ्या यांची, तर शेळ्यांना आंत्रविषाराची लस दिली जाते. जंतनाशकाची मात्राही तेव्हाच होते. पावसाळ्यात चिखलाने खूर कुजतात, गोचिड व माशा वाढतात, कासदाह बळावतो. कोवळी ज्वारी खाल्ल्याने विषबाधा होते, म्हणून गुराख्याला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धोका ओल लागलेल्या ढेपेचा. तीवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या शरीरातून रूपांतरित होऊन दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही नाहीसे होत नाही. दुधातील या विषाची मर्यादा आपल्या देशात किलोस ०.५ मायक्रोग्रॅम इतकी अल्प ठरविलेली आहे.

श्रावणी अमावास्येला पोळा होतो आणि पावसाळा सरत आल्यावर ऊसतोडीचे वेध लागतात. पुरुषोत्तमनगर हे नाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वदूर परिचित आहे. तोड सुरू झाली की उसाचे वाढे मुबलक मिळते आणि हिवाळाभर गव्हाण त्यानेच भरते. त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराचे कॅल्शियम घटते, म्हणून जाणते शेतकरी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात व क्षारमिश्रण देतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेव्हा घुंगरमाळा, दावी, म्होरक्या यांची खरेदी होते.

उन्हाळ्यात चारा आटतो आणि दूधही आटते. छपरावर पाचट पसरणे, दिवसातून चार-पाच वेळा पाणी दाखवणे, म्हशीला डुंबवणे यांतच घरची माणसे गुंतलेली असतात. पेंड वाढते, हिरवा चारा घटतो. त्याच गाईचे तूप चैत्रात पांढुरके, तर भाद्रपदात पिवळसर दिसते. पुष्कळ फार्मसीचालक वर्षभर एकाच रंगाच्या तुपाचा आग्रह धरतात. असा आग्रह भेसळीला निमंत्रण ठरू शकतो, हे येथे नमूद करावेसे वाटते.

शास्त्राची अट

या गोठ्यात बसून चरकसंहितेतील माषपर्णभृतीय वाजीकरणपाद पुन्हा वाचला, तेव्हा आजवर न दिसलेले दिसले. तेथे औषधार्थ गाय निवडताना तिचा आहार सांगितला आहे: माषपर्णी, ऊस किंवा अर्जुन. म्हणजे आमच्या भागातील ऊस खाणारी गाय ग्रंथकारांना अपरिचित नव्हती. परंतु आहारापाठोपाठ आणखी लक्षणे येतात: ती पुष्ट असावी, चार सडांची असावी आणि ‘जीवद्वत्सा’ असावी, म्हणजे तिचे वासरू जिवंत असावे. विद्यार्थिदशेत हे विशेषण मी निव्वळ शुभलक्षण म्हणून पाठ केले होते. आज वाटते, गाभडलेले जनावर या एकाच शब्दाने औषधी दुधातून वगळले जाते. याच पादात असे दूध तापवून किंवा न तापवताही घेण्यास अनुमती आहे. पण ती ही लक्षणे पाहिल्यानंतरची अनुमती आहे. अष्टांगहृदयात धारोष्ण दुधाची थोरवी गायिली आहे, ती मी लक्षात ठेवली. आम दूध अभिष्यंदी व गुरू, हे त्याच ठिकाणी सांगितलेले मात्र विसरलो. धारोष्ण म्हणून सांगितलेले दूध रुग्णाच्या घरी पोहोचेपर्यंत निवून आमच झालेले असते.

पशूंचे व मनुष्यांचे आरोग्य वेगळे नाही, हा धडा आमच्या जिल्ह्याला नवा नाही. देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथेच नोंदला गेला. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस एकदाच दिली जाते. शेळ्यांना मात्र या लसीकरणाचे कवच नाही. म्हणून अजादुग्ध सांगणाऱ्या वैद्याची जबाबदारी अधिक.

व्यवसायबंधूंना विनंती

१. दूध सांगताना ते एक उकळी आणून, कोमट करून घ्यावे, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.

२. दीर्घकालीन ज्वर, रात्रिस्वेद व संधिशूल असलेल्या रुग्णास ‘घरी जनावरे आहेत का? कोणते गाभडले का? कच्चे दूध घेता का?’ हे तीन प्रश्न विचारावेत व तपासणीस विलंब करू नये.

३. वार व गाभडलेला गर्भ उघड्या हातांनी हाताळू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, हे रुग्णांच्या घरी आवर्जून सांगावे.

४. फार्मसीचालकांनी दूध, तूप व गोमूत्र घेताना जनावराचा आहार, शेवटचे वेत, अलीकडे दिलेली प्रतिजैविके व जंतनाशके यांची नोंद मागावी. औषधाच्या वेष्टनावर दिलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत त्या जनावराचे दूध वा मूत्र घेऊ नये.

५. अशी नोंद ठेवणाऱ्या पशुपालकास रास्त अधिक दर द्यावा. गाभडल्याचे खरे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटणार असेल, तर खरे कोण सांगेल?

त्या कुटुंबाने पशुवैद्यकांकडून सर्व शेळ्या तपासून घेतल्या व सदोष निघालेल्या कळपातून काढल्या. एका लहान घराला हा तोटा सोसणारा नव्हता. तरीही त्यांनी तो सोसला. आता दर महिन्याला बाबा एक वही घेऊन दवाखान्यात येतात. कोणती शेळी व्याली, कोणाला काय टोचले, चारा कोणता दिला, हे सारे नातवाच्या अक्षरात लिहिलेले असते. ती वही पाहिल्यावाचून मी अजादुग्धाची चिठ्ठी लिहीत नाही.