फोल्डर नसलेला पत्ता

मराठी विकिपीडियावर पुण्याचा लेख उघडला की ब्राउझरच्या पट्टीत संकेतस्थळाच्या नावापुढे तिरकी रेघ, मग 'विकी', पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी 'पुणे' दिसते. वाटते, कुठल्याशा सर्व्हरवर 'विकी' नावाचे फोल्डर असेल आणि त्यात 'पुणे' नावाची फाइल. तसे काहीही नसते. मजकूर असतो डेटाबेसमध्ये, आणि 'इंडेक्स डॉट पीएचपी' हा एकच प्रोग्रॅम मागाल तो लेख काढून देतो. रेघेपुढचा 'पुणे' म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या हाती दिलेली चिठ्ठी. प्रोग्रॅमर तिला पॅरामीटर म्हणतात. खात्री करायची तर त्याच लेखाचा इतिहास उघडावा. आता पत्त्यात इंडेक्स डॉट पीएचपी उघड दिसते, त्यामागे प्रश्नचिन्ह, आणि पुढे शीर्षक काय, कृती कोणती, हे जोडीजोडीने लिहिलेले.

सुरुवातीच्या वेबवर पत्ता बहुधा खरोखरच फाइलचा असे. मागणीनुसार पाने बनवणारे प्रोग्रॅम आले, तशी माहिती प्रश्नचिन्हामागे जाऊन बसली. काम भागायचे, पण असा पत्ता फोनवर सांगायचा म्हणजे शिक्षाच. १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाची सर्व्हरसाठी 'मॉड रीराइट' लिहिले. बाहेरून सुटसुटीत पत्ता घ्यायचा आणि आतल्या आत तो प्रश्नचिन्हाच्या पत्त्यात बदलायचा, हे त्याचे काम. पुढे रुबी ऑन रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) यांसारख्या फ्रेमवर्कनी हे काम स्वतःकडेच घेतले. तिथे पत्त्यांचे साचे लिहून ठेवतात: पहिला तुकडा 'बातम्या', दुसरा वर्ष, तिसरा क्रमांक. वर्षाच्या जागी आकडाच हवा अशी अटही घालता येते. अक्षरे आली तर साचा जुळत नाही आणि वाचकाला ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', दिसतो.

मग रेघांमध्ये काय ठेवावे आणि प्रश्नचिन्हामागे काय? २००५ च्या यूआरएलच्या मानकात याचे सूत्र आहे: उतरंड असलेली माहिती मार्गात, म्हणजे रेघांमध्ये, बाकीची प्रश्नचिन्हामागे. सातबारा शोधताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक असेच जावे लागते. गाव ठाऊक नसेल तर नुसत्या गट क्रमांकाला अर्थ नाही. असे एकात एक बसणारे तुकडे रेघांमध्ये शोभतात. उलट साड्यांच्या दुकानात 'रंग निळा, स्वस्त आधी, पान तिसरे' यात कोण आधी, कोण नंतर? तरीही सगळे रेघांमध्येच कोंबण्याचा हट्ट अनेक जण धरतात, बहुधा गूगलला असेच आवडते या समजुतीने. प्रश्नचिन्हाचे पत्ते आम्हाला वाचता येतात, त्यांना उगाच स्थिर फाइलचे रूप देऊ नका, असे खुद्द गूगलने २००८ मध्येच सांगितले होते.

क्रमांकाचा पत्ता यंत्राला सोयीचा, शब्दांचा माणसाला. म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ दोन्ही ठेवते: आधी प्रश्नाचा क्रमांक, मग शीर्षकातले शब्द. प्रश्न सापडतो तो क्रमांकावरून. शब्द चुकले तर सर्व्हर वाचकाला मुकाट्याने बरोबर पत्त्यावर नेऊन सोडतो, आणि हे नेऊन सोडणे फार महत्त्वाचे. २०११ मध्ये लंडनच्या 'द इंडिपेंडंट'ने जेली बीनच्या गोळीवर केट मिडलटनचा चेहरा दिसल्याची बातमी दिली. तिच्याही पत्त्यात शेवटच्या क्रमांकालाच किंमत होती. कुणीतरी शब्दांच्या जागी शिवीसकट टिंगल लिहून तो पत्ता पसरवला. सर्व्हर बरोबर पत्त्यावर न नेता बातमी व्यवस्थित उघडत होता, त्यामुळे वर्तमानपत्रातल्याच कुणा वैतागलेल्या माणसाने हे केले, अशी लोकांची समजूत झाली.

आपल्या लिपीची अडचण वेगळीच. पत्त्यात मुळात रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हेच चालतात. 'पुणे' मध्ये संगणकाच्या हिशेबी चार वर्ण: प, उकार, ण, मात्रा. प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याचे चिन्ह अधिक दोन अक्षरे. म्हणजे एका पुण्याची ३६ चिन्हे! ब्राउझर हे दडवून देवनागरीच दाखवतो. पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा टक्क्यांची माळ बाहेर पडते.

हे सारे गैरसोयीचे, पण धोका आहे तो आकड्यांत. पत्त्याच्या शेवटी ४१ दिसले की कुणालाही ४२ टाकून पाहावेसे वाटणारच. २०११ मध्येच सिटीबँकेच्या अमेरिकेतील क्रेडिट कार्ड ग्राहकांच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी लॉग-इन केले आणि पत्त्यातला खाते क्रमांक बदलत गेले. सुमारे ३ लाख ६० हजार खात्यांची माहिती त्यांच्या हाती लागली. लॉग-इन झाले आहे, एवढेच सर्व्हर पाहत होता. मागितलेले खाते याच माणसाचे आहे का, हे तपासत नव्हता. क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक अक्षरे वापरली की अंदाज बांधणे अवघड होते, पण तपासणी टळत नाही. पत्ता मेलमधून, स्क्रीनशॉटमधून बाहेर जातोच. प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहब याहून एक पाऊल पुढे जाते. परवानगी नसलेल्याने दुसऱ्याच्या खासगी रिपॉझिटरीचा (कोडच्या संग्रहाचा) अचूक पत्ता टाकला तरी त्याला 'मनाई आहे' असे उत्तर मिळत नाही. त्याला ४०४ च मिळतो, कारण 'मनाई' म्हटले तरी ती वस्तू तिथे आहे हे कळलेच.