विश्लेषण : पियानो शिकताना बोटे वळवायची की हात सैल सोडायचा? पहिल्या काही महिन्यांतील सवयी इतक्या महत्त्वाच्या का?

घरात नवा कीबोर्ड येतो. तो जेवणाच्या टेबलावर ठेवला जातो, शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढली जाते आणि मोबाइलवर व्हिडीओ लावून पहिले गाणे वाजू लागते. पंधरा दिवसांत धून बसते, घरचे कौतुक करतात. अडचण पुढे येते. वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, अनामिका आणि करंगळी ऐकत नाहीत, मनगट किंवा खांदा दुखू लागतो. मग मुलाला ‘गोडी राहिली नाही’ असे समजून कीबोर्ड माळ्यावर जातो. अनेकदा दोष गोडीचा नसतो, खुर्चीच्या उंचीचा असतो.

पट्टी दाबल्यावर आत काय घडते?

हाताची ठेवण समजून घ्यायची तर आधी यंत्र समजून घ्यावे लागते. पियानोची पट्टी ही एक तरफ आहे. पुढचे टोक साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तेव्हा मागच्या बाजूची यंत्रणा लोकरी नमद्याने मढवलेला हातोडा तारेकडे फेकते. ‘फेकते’ हा शब्द महत्त्वाचा. तारेला लागण्याच्या क्षणभर आधीच हातोडा पट्टीपासून सुटतो आणि शेवटचे काही अंतर स्वतःच्या वेगाने कापतो. इटलीतील फ्लोरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पियानो घडवला, तेव्हा त्याने सोडवलेला मुख्य प्रश्न हाच होता.

याचा वाजवणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे. आवाज मोठा की लहान, हे हातोड्याच्या वेगावर म्हणजे पट्टी किती झपाट्याने खाली गेली यावर ठरते. एकदा स्वर उमटला की पट्टी कितीही जोरात दाबून धरली तरी आवाजात फरक पडत नाही. पट्टी खाली धरून ठेवली की स्वर चालू राहतो, पण तेवढ्यासाठी बोटाचे वजन पुरते. साध्या पियानोची पट्टी हळुवार खाली न्यायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन लागते. नवशिके मात्र स्वर वाजून गेल्यावरही पट्टी तळाशी रेटत राहतात. ही वाया जाणारी ताकदच पुढे मनगटात साचते.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये हातोडा तारेवर आदळत नाही, पण तत्त्व तेच. ‘टच सेन्सिटिव्ह’ कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन संपर्कबिंदू असतात आणि ते एकापाठोपाठ जुळायला किती वेळ लागला यावरून यंत्र आवाजाची तीव्रता ठरवते. ज्या स्वस्त कीबोर्डमध्ये ही सोय नसते, त्यावर कसेही दाबले तरी एकच आवाज येतो. अशा कीबोर्डवर बोटांना काही शिकायलाच मिळत नाही.

बसण्यापासून सुरुवात का?

बहुतेक पियानोंच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर उंचीवर असतात. आता घरचे गणित पाहा. जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास, त्यावर कीबोर्डची जाडी आठ-दहा सेंटिमीटर. म्हणजे पट्ट्या असायला हव्यात त्यापेक्षा जवळजवळ वीतभराच्या निम्म्याने वर जातात. मग खांदे उचलले जातात, कोपर पट्ट्यांच्या खाली राहते आणि मनगट उलटे मोडते. या स्थितीत बोटे ‘बरोबर’ वळवण्याचा कितीही आग्रह धरला तरी उपयोग नाही.

नियम साधा आहे. हात पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीला जवळपास समांतर असावा. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर चालेल, खाली नको. स्टूलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पाठ टेकू नये. कोपर पोटाला चिकटेल इतके जवळ नको आणि हात ताणावा लागेल इतके लांबही नको. पाय जमिनीवर सपाट टेकलेले हवेत. लहान मुलांचे पाय लोंबकळतात आणि तोल सांभाळण्यासाठी ती नकळत खांदे आखडतात; पायाखाली पाट किंवा लाकडी खोका ठेवला की निम्मे काम होते. कीबोर्डसाठी उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड घेणे हा खर्च अनेक पालकांना अनावश्यक वाटतो. खरे तर कीबोर्डमधील शेकडो आवाजांपेक्षा तो जास्त कामाचा.

हा विषय नवा नाही. फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कुपराँ याने १७१६ साली हार्प्सिकॉर्डवादनावर पुस्तक लिहिले, त्यात कोपर, मनगट आणि बोटे एका पातळीत असावीत असे सांगितले आहे. वाजवताना तोंड वेडेवाकडे करणाऱ्यांसाठी समोर आरसा ठेवण्याचा सल्लाही त्याने दिला होता.

यावर ग्लेन गूल्डचे उदाहरण हमखास दिले जाते. कॅनडाचा हा थोर वादक वडिलांनी करून दिलेल्या, जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर बसून आयुष्यभर वाजवत राहिला. ते खरेच आहे; पण त्याची तंत्राची घडण लहानपणापासून वेगळी होती. पहिल्या महिन्यात त्याची नक्कल करण्यात शहाणपण नाही.

‘हातात चेंडू धरल्यासारखा’ हा सल्ला बरोबर की चूक?

अर्धा बरोबर. बोटे किंचित वळलेली असावीत, तळहाताखाली पोकळी असावी, हे त्यातून कळते. पण चेंडू ‘धरा’ म्हटले की मूल खरोखर धरते. बोटे नखांवर उभी राहतात, तळहात आवळला जातो आणि हात एखाद्या चिमट्यासारखा कडक होतो.

त्याहून चांगला उपाय शरीरातच आहे. उभे राहून दोन्ही हात बाजूला सैल सोडावेत. बोटे आपोआप थोडी वळलेली दिसतात. कुणी वळवली नसतात. तोच हात, तसाच, कोपरातून उचलून पट्ट्यांवर आणून ठेवायचा. हीच मूळ ठेवण. यात बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारे उंचवटे, हाताचा सर्वात उंच भाग राहतात आणि कमानीसारखा आधार देतात. कमान खचली की बोटांना स्वतंत्रपणे हलायला जागा उरत नाही.

दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. एक, बोटाचा शेवटचा सांधा. दाबताना तो आत मोडत असेल, तर ताकद तिथेच गळते. लहान मुलांत हे फार आढळते आणि रागावून ते सुधारत नाही. एकेका बोटाने सावकाश, हाताचे वजन सोडत वाजवण्याने हळूहळू सुधारते. दुसरे, अंगठा. तो इतर बोटांसारखा पोटावर पडत नाही, नखाच्या कडेने, बाजूवर पडतो. अनेकांचा अंगठा काम नसताना पट्ट्यांच्या बाहेर लटकत राहतो आणि गरज पडली की संपूर्ण हात पुढे ढकलावा लागतो. नखे कापलेली असावीत, हे वेगळे सांगायला नको. पट्टीवर नखाचा टक्टक् आवाज येत असेल तर बोटाची ठेवण आपोआप बिघडते.

बोटे किती वळवावीत याचे एकच उत्तर नाही. व्लादिमीर होरोवित्झ जवळपास सपाट बोटांनी वाजवत असे आणि त्याच्या तंत्राबद्दल शंका घेण्याचे धाडस कोणी केले नसते. शोपँ तर सुरुवातच वेगळी करून देत असे. पाच पांढऱ्या पट्ट्यांवर हात ठेवण्याऐवजी तो अंगठा ‘ई’वर, मधली तीन बोटे एफ शार्प, जी शार्प, ए शार्प या तीन काळ्या पट्ट्यांवर आणि करंगळी ‘बी’वर ठेवायला सांगे. पेटीच्या भाषेत, पांढरी एक हा षड्ज धरला तर शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध निषाद. लांब बोटे उंच पट्ट्यांवर आणि आखूड बोटे खालच्या पट्ट्यांवर आल्याने हात न ओढता बसतो. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांचे ‘सी मेजर’ वाचायला सर्वात सोपे, पण हाताला सर्वात अवघड, असे त्याचे मत होते. कोणत्याही कीबोर्डवर दहा सेकंदांत हे करून बघता येते.

अनामिका ऐकत का नाही?

तळहात टेबलावर ठेवून मधले बोट आत दुमडावे आणि बाकी बोटे टेकलेली ठेवून एकेक उचलून पाहावे. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलली जातात. अनामिका जागची हलत नाही. हा आळस नव्हे, शरीररचना आहे. बोटे हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात आणि मोठे कोपराखालच्या भागात असतात. तिथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत जातात, आणि बोटे वर उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात.

एकोणिसाव्या शतकाने या रचनेशी भांडण मांडले. योहान बर्नहार्ड लोजिए याने १८१४ मध्ये ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या, हात ठरावीक जागी जखडून ठेवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. पुढे रॉबर्ट शुमानने १८३२ च्या सुमारास उजव्या हाताच्या बोटाची हालचाल गमावली. बोटे बळकट करण्यासाठी त्याने एक यंत्र वापरले होते. त्यानेच घात केला की आणखी कशाने, यावर अभ्यासकांत वाद आहे. वादक व्हायचे त्याचे स्वप्न मात्र संपले आणि तो पूर्णपणे संगीतरचनेकडे वळला. शोपँचे म्हणणे याच्या उलट होते. प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा आहे, तो वेगळेपणा मारून टाकण्याऐवजी वापरा. शरीरशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

आठ स्वर, पाच बोटे : मग काय करायचे?

दोन्ही हातांत अंगठा १ आणि करंगळी ५, असे बोटांचे क्रमांक असतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत अंगठ्यासाठी फुली आणि तर्जनीपासून १ ते ४ अशी पद्धत होती. रद्दीतून जुने पुस्तक हाती लागले तर गोंधळ होतो. सी मेजर सप्तक उजव्या हाताने चढताना १-२-३, मग अंगठा खालून नेऊन १-२-३-४-५ असे वाजते. डाव्या हाताने चढताना ५-४-३-२-१ आणि मग मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे नेऊन ३-२-१.

अंगठा खालून नेणे आज पहिल्याच महिन्यात शिकवले जाते, पण ते कायमचे नव्हते. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वडिलांची आठवण दिली आहे. त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादक अंगठा फक्त लांब अंतर गाठायचे असेल तेव्हाच वापरत. अंगठ्याला मुख्य बोटाचे स्थान मिळाले ते त्यानंतर.

इथली नेहमीची चूक म्हणजे अंगठ्याची वेळ येईपर्यंत थांबणे आणि मग कोपर झटक्याने बाहेर फेकणे. त्या स्वरावर धक्का बसतो, तो ऐकूही येतो. तर्जनी वाजली की लगेच अंगठ्याने तळहाताखालून सरकायला सुरुवात करावी आणि हात बाजूला सरळ सरकत राहावा. सावकाश वाजवतानाच हे जमते.

पेटी येणाऱ्यांना सोपे जाते का?

महाराष्ट्रात पियानोकडे वळणाऱ्यांपैकी अनेकांचे बोट आधी पेटीवर बसलेले असते. स्वरस्थाने माहीत असतात, उजवा हात चपळ असतो. पण पेटीत आवाजाचा जोर भात्याच्या हवेवर असतो, पट्टी किती वेगाने दाबली यावर नाही. त्यामुळे बोटाच्या वेगाने आवाज लहान-मोठा करणे हा प्रकार नवा असतो. आणि डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. अशांनी दोन्ही हात एकत्र आणण्याची घाई न करता काही आठवडे डाव्या हाताला वेगळा वेळ दिलेला बरा. मांडी घालून बसण्याच्या सवयीमुळे स्टूलावर पुढे वाकण्याकडेही कल असतो.

दुखले तर?

थकवा आणि दुखणे यांत फरक करावा. सरावानंतर हात जड वाटणे आणि थोड्या विश्रांतीने बरे वाटणे, हा थकवा. वाजवताना मनगटात कळ येणे, बोटांना मुंग्या येणे, दुसऱ्या दिवशीही दुखत राहणे, हा थांबण्याचा इशारा. ‘सहन केल्याशिवाय बोटे तयार होत नाहीत’ हे गृहीतक धोकादायक आहे. अमेरिकी वादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९६० च्या दशकाच्या मध्यात आत वळू लागली. ‘फोकल डिस्टोनिया’ या विकारामुळे त्याला अनेक वर्षे केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवाव्या लागल्या. १९९० च्या दशकात उपचारांनंतर तो दोन्ही हातांकडे परतला. नवशिक्याला असे काही होण्याची शक्यता फार कमी, पण दुखऱ्या हाताने तास वाढवण्यात काहीच मिळकत नाही.

सुरुवातीला एका बैठकीत तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे बसणे हाताला सोसते. मोबाइल समोर ठेवून व्हिडीओ बघण्याइतकाच तो बाजूला ठेवून स्वतःच्या हाताचे चित्रण करण्यासाठी उपयोगी आहे. मोडलेले मनगट आणि चढलेले खांदे वाजवणाऱ्याला वरून दिसत नाहीत, बाजूने लगेच दिसतात. खुर्ची बदलून आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही मुंग्या किंवा कळ थांबत नसेल, तर पुढचा धडा घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला हात दाखवावा.