आधी टंक, मग रील

तालुक्याच्या साप्ताहिकांतल्या मंडळींना वेबवर बातम्या देणं शिकवताना मी रीलपासून सुरुवात करत नाही. आधी टंक! जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच चिन्ह असतं. तो मजकूर तसाच वेबवर चढवला, तर शोधात सापडायचा कसा? युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक जगभर एकच : ०९१५.

जुन्या बातम्या युनिकोडमध्ये बदलून घेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, कारण जुन्या फॉन्टांत ती दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या नव्हे. ‘वर्धा’चा रफार कुठे उडाला, हे डीटीपीवाले काका पदवीधर पोरांच्या आधी हेरतात. मला हा तास सगळ्यांत आवडतो.

मग पुराचा व्हायरल फोटो जुना तर नाही ना, हे त्या फोटोवरूनच वेबवर उलट शोध घेऊन पाहणं. ते पोरं चटकन उचलतात. संपादक मात्र चहाच्या वेळी गाठून जाहिरातींचंच विचारतात.