स्थळाची चौकशी

लग्नासाठी स्थळाची चौकशी ज्यांनी केली आहे, त्यांना गूगलचा मूळ हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. मुलाकडचे स्वतःबद्दल काय सांगतात ते कुणी फारसं मनावर घेत नाही. शेजारचे, ऑफिसातले, गावाकडचे काय म्हणतात ते ऐकायचं, आणि सांगणारा कोण तेही पाहायचं. दहा स्थळांची एकाच तोंडाने तारीफ करणारा मध्यस्थ आणि एरवी गप्प असणारे हेडमास्तर, यांच्या शब्दाला सारखं वजन नसतं. ‘संकेतस्थळ’ हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण शब्द चपखल बसला.

१९९० च्या दशकातली शोधयंत्रं बरीचशी मुलाकडच्यांच्याच बोलण्यावर चालत. एखादा शब्द पानावर जितक्या वेळा, तितकं ते पान वर. मग पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच तो शब्द गिरवून ठेवण्याची टूम निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी चौकशी उलट्या बाजूने सुरू केली: या पानाकडे बोट कोण कोण दाखवतंय? इतरांच्या पानांवरून आपल्याकडे येणारी लिंक ती बॅकलिंक. त्यांच्या शोधयंत्राचं, म्हणजे गूगलचं, पहिलं नावही ‘बॅकरब’ होतं. कल्पनेचं मूळ ग्रंथालयात सापडतं. कोणता शोधनिबंध पुढे कुणी उद्धृत केला, याची सूची माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड १९६४ पासून छापत होते.

पेज-ब्रिन यांच्या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात. हा लॅरींच्या आडनावावरचा श्लेष. कोकणी माणसाला मात्र आधी भाताची पेजच आठवणार. १९९८ च्या निबंधात त्यांनी एक भटका वाचक कल्पिला आहे. तो लिंकमागून लिंक दाबत जातो, आणि शंभरात साधारण पंधरा वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. अशा भटकंतीत तो जिथे वारंवार पोचेल ते पान वजनदार. वजनदार पानाने दोघांकडेच बोट दाखवलं तर दोघांना घसघशीत वाटा मिळतो. दोनशे जणांकडे दाखवलं तर चिमूट चिमूट.

पत मोजता येते म्हटल्यावर तिचा बाजार भरणारच. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, पेनी सर्वांत वर. ‘सॅमसोनाइट’च्या बॅगा शोधल्या तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर! न्यूयॉर्क टाइम्सने तपास केला, तेव्हा कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो संकेतस्थळांवर पेनीच्या लिंका पेरलेल्या निघाल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने कारवाई केली. वृत्तपत्राने तपासलेल्या ५९ शब्दांसाठी पेनीचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता, १० तारखेला ५२. आपल्याला काही ठाऊकच नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. हेही लग्नघरात ऐकल्यासारखं वाटतं.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीच्या हिशेबात ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि अशा लिंकांवर गूगलची नजर कायमची बसली. पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर आता तशी खूण करावी लागते. तरीही ‘महिन्याला शंभर बॅकलिंका’ विकणारे आहेतच. संकेतस्थळाची पत म्हणून ‘डोमेन ऑथॉरिटी’चा जो आकडा ते दाखवतात तो मॉझ या खासगी कंपनीचा, गूगल तो वापरत नाही. गूगलचा स्वतःचा, पेजरँकचा, शून्य ते दहा असा जाहीर आकडा होता, तो २०१६ मध्ये बंद झाला.

मग छोट्या संकेतस्थळाने पत मिळवायची कुठून? समजा, एखाद्याने आपल्या तालुक्यातल्या गडांवरच्या टाक्यांत कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, हे स्वतः चढून, पाहून, लिहून ठेवलं. गिर्यारोहण मंडळांना ते पान लागणारच. सहलीच्या सूचनेत कुणीतरी ते जोडणार. अशी लिंक मागायला जावं लागत नाही. मात्र त्यासाठी एप्रिलच्या उन्हात गड चढावा लागतो, आणि ते काम शंभराच्या भावात कुणी करून देत नाही.

असे कष्ट टाळून ज्यांनी लिंका विकत घेतल्या होत्या, त्यांची २०१२ मध्ये पेंग्विन आल्यावर वेगळीच धावपळ झाली. लिंक काढून टाकण्यासाठीही काही जण पैसे मागू लागले. ऑक्टोबरमध्ये गूगलने एक सोय दिली: नको असलेल्या लिंकांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून पाठवायची, म्हणजे त्या हिशेबात धरल्या जाणार नाहीत. पदरचे पैसे देऊन उभे केलेले साक्षीदार, आणि आता ओळीओळीने लिहून द्यायचं की यांना आम्ही ओळखत नाही.