पंचवीस वर्षं युद्ध चाललंच कसं? सातारा-सांगलीच्या मुलखातून पाहताना



सातवीच्या इतिहासात मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा पाठ शिकवताना एखादं तरी मूल विचारतंच, "सर, एवढी वर्षं लढाई चालली, तर सैन्य खायचं काय?" हा प्रश्न स्वाध्यायात नाही. पण मला वाटतं, सगळ्या पाठाची किल्ली तिथंच आहे. कोण शूर होतं हे मुलांना आधीच माहीत असतं. एवढं लांबलेलं युद्ध पोसलं कोणी, हे मात्र आपण सांगत नाही.

आधी कालखंड बघू. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपूरला आला, तो परत उत्तरेत गेलाच नाही. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) भिंगारला वारला. मधल्या काळात त्यानं १६८६ ला विजापूर आणि १६८७ ला गोवळकोंडा घेतलं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व लहानगे शाहू कैदेत गेले. बादशहाच्या हिशेबानं युद्ध इथंच संपायला हवं होतं. राजा नाही, राजधानी नाही. पण खरं लांबलं ते इथून पुढं.

का लांबलं? गड होते, डोंगर होते, गनिमी कावा होता, ही उत्तरं बरोबरच आहेत. पण साताऱ्याच्या वेढ्याकडं जरा थांबून बघा. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द बादशहा किल्ल्याच्या पायथ्याशी करंजे गावाजवळ तळ देऊन बसला. आत वयस्कर किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. एका सुरुंगानं तट आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगानं तट उलटा बाहेर, चढाईला थांबलेल्या मोगल फौजेवरच पडला आणि सुमारे दोन हजार माणसं दगावली. मार्चमध्येच सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं होतं. शेवटी बोलणी होऊन किल्ला मोगलांकडं गेला. बादशहानं त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. मग परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, जूनमध्ये पडला.

आणि पाऊस सुरू झाला! आपल्याकडचा जून-जुलै काय असतो हे सातारकरांना सांगायला नको. चिखल, पूर, मरणारे बैल आणि उंट. परळीहून खटाव भागातल्या भूषणगडापर्यंत यायला त्या लष्कराला महिन्याहून जास्त लागला. पुढं माण नदीकाठी खवासपूरला छावणी पडली, तर तिथं ऑक्टोबरमध्ये रात्री पूर आला. त्या गोंधळात बादशहाच्या गुडघ्याला जी इजा झाली, ती आयुष्यभर राहिली.

आता हिशेब करा. चार-पाच महिने वेढा द्यायचा, एक किल्ला घ्यायचा, पावसात अर्धी जनावरं गमवायची. बादशहाची पाठ वळली की काही वर्षांत किल्ला परत मराठ्यांकडं! मराठ्यांचा बेतही ठरल्यासारखा होता. पावसाळा तोंडावर येईपर्यंत गड झुंजवायचा, दमलेल्या शत्रूकडून पैसे घेऊन तो खाली करायचा आणि त्याच पैशातून पुढची तयारी करायची. १७०२ मध्ये विशाळगड असाच दोन लाख रुपये घेऊन सोडला. मुलांना हे ऐकून हसू येतं. येऊ द्या. शत्रूच्याच खजिन्यावर चाललेलं युद्ध आहे हे, आणि त्यात ताराबाईंची बुद्धी दिसते. ताराबाई कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या.

आता थोडा नाजूक भाग. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडं होता. सरदारांना वतनं तोडून देणं त्यांना पसंत नव्हतं. पण राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा खजिना रिकामा होता आणि बादशहा मराठा सरदारांना मनसबी-वतनांची लालूच दाखवत होता. मग इकडूनही वतनं देणं भाग पडलं. १६९१ च्या एका पत्रात हणमंतराव घोरपड्यांना ६ लाख होनांचं आश्वासन आहे. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यावर ते टप्प्याटप्प्यानं मिळायचं होतं. म्हणजे हातात काहीच नसताना, पुढं जिंकायच्या मुलखावर पगार! ज्याला असा शब्द दिला तो लढाई थांबवेल कशाला?

आणि वतनापायी आपली घराणी दोन्हीकडं होती. जतचे डफळे आधी विजापूरकरांचे, मग मोगलांचे. म्हसवडचे नागोजी माने कधी या बाजूला, कधी त्या. संताजी घोरपड्यांसारखा सेनापती १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात मारला गेला, तो मोगली तोफेनं नव्हे. त्यांनी माने घराण्याचा मेहुणा अमृतराव निंबाळकर याला मारलं होतं, त्या वैरातून नागोजीनं त्यांना गाठलं. हे वर्गात सांगावं का? माझं मत, सांगावं. सहावी-सातवीच्या मुलांना भाऊबंदकी आणि बांधाची भांडणं घरीच माहीत असतात, त्यांना हे लगेच कळतं.

याच ठिकाणी युरोपातली दोन युद्धं शेजारी ठेवली तर विषय जास्त उलगडतो. जर्मन मुलखात १६१८ ते १६४८ असं तीस वर्षांचं युद्ध झालं. सुरुवात कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणातून झाली, पण पुढं कॅथलिक फ्रान्स कॅथलिक सम्राटाविरुद्धच लढाईत उतरला. सेनापती वॉलेनस्टाईन याची रीत अशी की सैन्य ज्या मुलखात असेल त्यानंच त्याला खंडणी देऊन पोसायचं. भुकेनं आणि रोगराईनं काही अंदाजांनुसार पाचव्यापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत लोकसंख्या घटली. आपल्या चौथाईशी ही रीत हुबेहूब जुळत नाही, पण लढणाऱ्या फौजेचा खर्च लढाई चाललेल्या गावांवर पडतो हे दोन्हीकडं सारखं आहे. इथंही १७०२ ते १७०४ दुष्काळ आणि साथ आली. इटालियन प्रवासी मनुची वीस लाखांवर माणसं मेल्याचं लिहितो. आकडा मोजलेला नाही, अंदाजाचाच आहे. पण पेरणीच्या वेळी दोन फौजा शिवारातून गेल्या तर काय उरतं, हे शेतकऱ्याच्या पोराला आकड्याशिवाय समजतं.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं, इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध, १३३७ ते १४५३. तिथंही मध्ये तह झाला की बेकार शिपायांच्या टोळ्या गावं लुटत फिरायच्या. पण शेवटी फ्रान्सच्या राजानं कायमचा कर बसवला आणि पगारी खडं सैन्य उभं केलं. लांब युद्धातून तिथं राजा मजबूत झाला. जर्मनीत उलट झालं, १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात सम्राटाचं वजन घटलं आणि लहान-मोठे राजे बळकट झाले.

आपल्याकडं जर्मनीसारखं झालं, असं मला वाटतं. १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, तीही मराठ्यांत दुफळी पडावी या हिशेबानं. ऑक्टोबरमध्ये खेडला काकू-पुतण्याच्या फौजा भिडल्या. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. पण ज्या सरदारांनी स्वतःच्या बळावर फौज उभी करून वीस वर्षं लढाई चालवली, ते आता आपापल्या मुलखाचे धनी होते. १७१९ मध्ये चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्या, म्हणजे दक्षिणेच्या सहा मोगल सुभ्यांच्या महसुलात शंभरातले पंचवीस आणि वर दहा. ती वसुलीही सरदारांतच वाटून दिली गेली. मराठे पुढं उत्तरेत गेले ते याच जोरावर. साताऱ्याच्या गादीचा हुकूम सरदारांवर हळूहळू कमी चालू लागला, तोही याच कारणानं.

सातारा-कोल्हापूरचं भांडण आणखी चोवीस वर्षं चाललं. १७३१ च्या सुरुवातीला कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोन्ही छत्रपतींची भेट झाली आणि एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. वारणा ही सीमा ठरली. शिराळा-वाळव्याच्या मुलांना हे नकाशात दाखवा. आजही वारणा बऱ्याच अंतरात सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे.

पाठाला जोडून एक उपक्रम करून बघा. गटात एका मुलाला किल्लेदार करा, एकाला बादशहाचा खजिनदार, एकाला म्हसवडचा वतनदार आणि एकाला जोंधळा पेरून बसलेला शेतकरी. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "उद्या युद्ध थांबलं तर तुझं काय?" उत्तरं वहीत लिहून घ्या. शेतकऱ्याच्या भूमिकेला मात्र जरा बोलकं मूल निवडा.