रासायनिक कारखाने, कुंडलिका आणि प्रा. गणपती यादव यांचे संशोधन

रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत आपल्याला नवी नाही. आपल्यातील अनेकांची चूल तिच्यावर पेटते, आणि कुंडलिकेच्या पाण्याची तक्रारही घरोघर ऐकू येते. मग कारखाना हवा की नदी, असा वाद रोह्यात नि पेणमध्ये रंगतो. या वादाला तिसरी बाजू आहे. मी कला शाखेचा माणूस, तरी समजली तशी ती सांगतो.

प्रा. गणपती दादासाहेब यादव यांचा जन्म १९५२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा या खेड्यातला. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकून प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली ते १९८० साली पीएच.डी. झाले. त्याच संस्थेचे (आताची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ते २००९ ते २०१९ कुलगुरू होते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचा विषय उत्प्रेरक. औषधे, रंग, सुगंधी द्रव्ये बनवताना क्रिया घडवून आणण्यासाठी गंधकाम्ल किंवा अॅल्युमिनियम क्लोराइड वापरण्याची जुनी रीत आहे. काम झाले की ते मालातून धुऊन काढावे लागते आणि ते आम्लयुक्त पाणी सांडपाण्यात जाते. सोडा घालून आम्ल मारले, तरी क्षार पाण्यात विरघळलेले राहतातच. यादवांनी टंगस्टन व फॉस्फरस असलेले एक तीव्र आम्ल के-१० नावाच्या मातीवर बसवले. हा उत्प्रेरक घन असल्याने गाळून काढता येतो व पुन्हा वापरता येतो. पेणच्या मूर्तिकारांना मातीचे मोल सांगायला नको, पण मातीचा असाही उपयोग असतो! घाण झाल्यावर धूत बसण्यापेक्षा ती होऊच न देणे, हे या संशोधनाचे सूत्र. दुःखाचे कारणच दूर करा, ही तथागतांची शिकवण ऐकत आलेल्यांना ते लगेच पटावे.

अर्थात अडचणी आहेत. असा उत्प्रेरक महाग पडू शकतो, वापरून त्याची शक्ती घटते, आणि चालू कारखाना बदलायला मालक सहजी तयार होत नाहीत.

धाटावला ऑपरेटर म्हणून लागलेल्या आपल्या मुलाला यात काही ठरवता येत नाही. ते इंजिनिअर ठरवतो. रायगडातच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेता येते. त्यासाठी बारावीला गणित सोडू नये.