इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडताना

उन्हाळ्यात भारनियमनाचे तास वाढले, की अनेक कुटुंबे घरातील इन्व्हर्टरला आणखी एक बॅटरी जोडण्याचा विचार करतात. मात्र दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट वीज, हा हिशेब दरवेळी जुळत नाही.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात त्याहून कमी हाती लागते. अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्यास व्होल्टेज १२ राहून क्षमता ३०० अँपिअर-तास होते. एकसर जोडल्यास व्होल्टेज २४ होते, क्षमता तेवढीच राहते. साठवण दोन्हींत ३.६ युनिटच. मात्र २४ व्होल्टवर तेवढ्याच भारासाठी निम्मा प्रवाह लागतो आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज एक चतुर्थांशावर येते. अर्थात, १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला एकसर जोडणी चालत नाही.

खरे नुकसान होते ते काटकसरीपायी. जुन्या बॅटरीशेजारी नवी बसवली जाते. एकसर जोडणीत जुनी आधी रिकामी होते, तरी नवीचा प्रवाह तिच्यातून वाहतच राहतो. समांतर जोडणीत नवी बॅटरी जुनीला भरण्यात खर्ची पडते. दोन्हींत नवीचे आयुष्य घटते. त्यामुळे एकाच बनावटीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या बॅटऱ्याच एकत्र जोडाव्यात. शिसे-आम्ल बॅटरीसोबत लिथियम बॅटरी तर जोडूच नये. दोघींच्या चार्जिंगचे व्होल्टेज वेगळे असते.

चार्जरचाही विचार हवा. १५ अँपिअरच्या चार्जरला रिकामी झालेली ३०० अँपिअर-तासांची समांतर जोडी भरण्यास २० तासांहून अधिक लागतात. तेवढा वेळ वीजच नसेल, तर दुसरी बॅटरी अर्धीच भरलेली राहते.